फटफटीचा सायलेन्सर : पॅकिंग कसे बदलावे
(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



या सदरात आपण दर अंकी बेणे, खोडवा, खतांच्या मात्रा, हुमणी असे विषय घेतो. या खेपेला ऊस विकास अधिकाऱ्याने मोटारसायकलच्या सायलेन्सरवर लिहिलेले पाहून काहींना हसू येईल. येऊ द्या. माझी पदविका शेतीची आहे, मी मिस्त्री नव्हे. पण खाली जे लिहिले आहे ते स्वतःच्या हाताने केलेले आहे, आणि ते करण्याला जे निमित्त झाले ते आधी सांगितले पाहिजे.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. पौष महिना, रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तोडणीच्या प्लॉटांची पाहणी करून मी बुलेटवरून परत येत होतो. कारखान्याच्या अलीकडे चारीलगतच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग लागली होती. माझ्या गाडीचा मूळ सायलेन्सर गंजून गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका दुकानातून दुसरा आणून बसवला होता. सरळ नळीचा, आत काचेची लोकर भरलेला. नवा होता तेव्हा आवाज बरा होता. पुढे तो वाढत गेला, पण रोज तेच ऐकून माझ्या कानाला ते कळेनासे झाले. घरात सांगत होते, मी मनावर घेतले नाही.

गाड्यांच्या मागे आलो, वेग कमी करावा म्हणून मूठ सोडली, आणि सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार निघाला. शेवटच्या गाडीचे बैल बुजले. गाडीसकट चारीच्या अंगाला ओढत गेले आणि एक चाक घसरले. उसावर गाडीवानाची कारभारीण बसलेली होती, ती खाली पडली. मनगट मोडले.

दवाखान्यात नेले, प्लॅस्टर झाले, खर्च मी केला. पण तोडणीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हे आपणांस ठाऊक आहे. दीड महिना तो कोयता अर्ध्यावर आला. घेतलेली उचल फिटायची कशी, हा प्रश्न त्यांच्यापुढे, आणि त्याचे कारण मी. गाडीवान वयाने मला वडील. मी म्हटले, "मामा, चूक माझी आहे." त्यांनी आवाज न चढवता सांगितले, "साहेब, बैल नवा न्हाई. दहा वरीस झाले रस्त्यानं चालतोय. तुमच्या फटफटीचा घसा फुटलाय, त्यो बघा आधी."

तो बघितला. कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर आमच्या गावात आहेत, त्यांच्या अंगणात बसून दोन दिवसांत सायलेन्सर उघडला, भरला आणि पुन्हा बसवला. तेव्हापासून आपल्या गटातील चार-पाच तरुण सभासदांनी मला विचारून आपापले सायलेन्सर भरून घेतले. एकेकाला तोंडी सांगण्यापेक्षा लिहून द्यावे, म्हणून हा लेख.

आधी आपला सायलेन्सर कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. कंपनीकडून गाडीबरोबर येणारे सायलेन्सर बहुधा कप्प्यांचे असतात. आत पत्र्याचे आडवे पडदे आणि नळ्या असतात, धूर या कप्प्यातून त्या कप्प्यात वळणे घेत जातो आणि लाटेवर लाट आपटून आवाज मरतो. असा सायलेन्सर चारी बाजूंनी वेल्डिंग केलेला असतो. त्यात भरायचे काही नसते. तो आवाज करू लागला तर जोडाचे गॅस्केट गेले असेल, गंजून भोक पडले असेल किंवा आतला पडदा सुटला असेल. गॅस्केट बदलावे, नाहीतर सायलेन्सर बदलावा. अलीकडच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच मार्गात बसवलेले असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या, त्यांच्या बाबतीत तर कापाकापी मुळीच करू नये. आत काय आहे बघू, म्हणून ग्राइंडर लावणारे हौशी लोक आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

दुसरी जात पॅकिंगची. थंड सायलेन्सरच्या शेपटीकडून बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. आरपार सरळ नळी दिसली आणि तिला चाळणीसारखी भोके दिसली, की तो पॅकिंगचा समजावा. शेपटीच्या टोपणाभोवती रिबिटा किंवा स्क्रू असतात. त्या चाळणीच्या नळीभोवती काचेची लोकर गुंडाळलेली असते आणि तिच्यावर बाहेरचा पत्रा.

ही लोकर आवाज कसा खाते? आवाज म्हणजे हवेची पुढे-मागे होणारी थरथर. ती थरथर भोकांतून लोकरीत शिरते, हजारो बारीक तंतूंच्या फटीत हवा घासली जाते आणि तिचा जोर थोड्याशा उष्णतेत मोडतो. येथे शेतीचाच दाखला देतो. वाफशावर आलेली जमीन पाणी कसे पिते? कण मोकळे, मध्ये पोकळी. तीच जमीन ट्रॅक्टरच्या चाकाखाली दडपली की पाणी वरच्या वर वाहून जाते. लोकरीचे तसेच. दाबून ठासली की आवाज आत न शिरता परत फिरतो. फारच सैल राहिली तर धुराच्या झोताने तंतू हलतात, तुटतात आणि शेपटीतून उडून जातात. पॅकिंगला वाफसा हवा. त्या फिटरचे शब्द वेगळे होते. ते म्हणाले, "साहेब, गादी भरतात तसं भरा, पोतं भरतात तसं नको."

एक गोष्ट मात्र खरी सांगितली पाहिजे. लोकर चिरका, कर्कश आवाज चांगला खाते, जाड घुमणारा आवाज तितका खात नाही. त्याला कप्पेच लागतात. तेव्हा पॅकिंग कितीही चांगले भरले तरी मोठ्या एका सिलिंडरची गाडी कंपनीच्या सायलेन्सरइतकी शांत होईलच असे नाही. माझा स्पष्ट सल्ला असा, की मूळ सायलेन्सर घरात माळ्यावर पडला असेल आणि धड असेल तर तोच परत बसवावा. माझा गंजून गेला होता, म्हणून हा उद्योग.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटारसायकल कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या आवाजाची मर्यादा ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल अशी धरलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून आवाजाचे प्रमाण मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन अपात्र, अशी तरतूद आहे. मुद्दाम मोठ्या आवाजासाठी बनवलेला सायलेन्सर लोकर भरल्याने कायदेशीर होत नाही. पोरांनी "साहेबांनीच लिहिलंय" म्हणून माझे नाव पुढे करू नये.

आता पॅकिंग संपल्याची खूण. आवाज पत्र्यासारखा, फाटका येऊ लागतो. शेपटीच्या तोंडाशी पांढरे-करडे तंतू दिसतात. थंड असताना सायलेन्सरवर हाताने थापटले तर आत काहीतरी हलल्यासारखे वाजते. आणि सर्वांत महत्त्वाचे, बाहेरचा पत्रा एखाद्या जागी जास्त तापून निळसर पडतो किंवा रंगाला फोड येतात, कारण तेथे नळी आणि पत्रा यांच्यात लोकरच उरलेली नसते. या शेवटच्या खुणेकडे ऊस उत्पादकाने विशेष लक्ष द्यावे. वाळलेले पाचट २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या धातूला टेकून राहिले तर धुमसू लागते. पॅकिंग गेलेला सायलेन्सर चढावर गाडी ताणून आणल्यावर कुठे कुठे तेवढा तापू शकतो. शिवाय सुटलेले तंतू आणि काजळीचे कण लालभडक होऊन बाहेर पडतात ते वेगळेच. आपण काय करतो? फडाच्या बांधावर पाचटातच गाडी उभी करतो आणि आत प्लॉट बघायला जातो. मी स्वतः एकदा परत येऊन चाकाजवळून निघणारा धूर पायाने विझवला आहे. त्या वेळी वारा नव्हता, एवढेच नशीब. जळिताचा ऊस म्हणजे वजनात घट, साखरेत घट, ताबडतोब तोडीची धावपळ आणि भावात कपात, हे मी काय सांगावे.

सामान आणताना येथेच बरेचजण चुकतात. सायलेन्सरसाठी म्हणून लांब तंतूंची काचेची लोकर मिळते, तीच घ्यावी. बेसॉल्टची लोकर मिळाली तर तीही उष्णता चांगली सोसते. पोल्ट्रीच्या छपराला लावतात ती पिवळी लोकर घेऊ नये. तिचे तंतू आखूड आणि डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असतात. तो डिंक जळून धूर होतो आणि लोकर महिन्याभरात उडून जाते. एका सभासदाने काथ्या भरून पाहिला होता. पहिल्याच फेरीत सायलेन्सरमधून होळी निघाली. आणि ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्रा कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. त्याची धूळ फुप्फुसात रुतून बसते आणि पुष्कळ वर्षांनी जिवावर बेतणारे रोग होतात. उघडल्यावर जुन्या सायलेन्सरमध्ये ॲस्बेस्टॉस असल्याची शंका आली तर तेथेच थांबावे, ओल्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवावा आणि सरळ नवा सायलेन्सर घ्यावा.

लोकर किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. पोकळीच्या दर लिटरमागे १०० ते १२५ ग्रॅम धरावी. माझ्या सायलेन्सरचा आतला व्यास ९ सेंटिमीटर, चाळणीच्या नळीचा बाहेरचा व्यास ४ आणि भरायची लांबी ४०. म्हणजे त्रिज्या साडेचार आणि दोन. साडेचारचा वर्ग २०.२५, त्यातून दोनाचा वर्ग ४ वजा केला की १६.२५. त्याला ३.१४ ने आणि लांबी ४० ने गुणले की सुमारे २०४० घन सेंटिमीटर, म्हणजे दोन लिटर. लोकर लागली २०० ते २५० ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतली. याशिवाय स्टेनलेस स्टीलची बारीक लोकर थोडी, स्टीलच्या रिबिटा, रिबिट मारायचे हत्यार, उष्णता सोसणारे लाल सिलिकॉन, कागदी चिकटपट्टी आणि तारेचा ब्रश. ड्रिल मशीन गावात कोणाकडेही मिळते.

काम गाडी पूर्ण थंड झाल्यावर करावे. रात्रभर उभी असलेली बरी. आदल्या संध्याकाळी जोडाच्या क्लॅम्पवर आणि बोल्टांवर थोडे डिझेल सोडून ठेवले तर सकाळी पाना लावल्यावर बोल्ट तुटत नाहीत. सायलेन्सर काढल्यावर इंजिनाकडच्या नळीच्या तोंडात फडके कोंबावे, आणि काम संपल्यावर ते काढायला विसरू नये. टोपण कोणत्या बाजूने कसे होते त्याची खडूने खूण करावी. माझ्याकडून ती राहिली, आणि नंतर भोके जुळवताना अर्धा तास गेला.

उघडण्यापूर्वी पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि नाका-तोंडावर चांगला मास्क. पंचा गुंडाळून भागत नाही, काचेचे तंतू त्यातून आत जातात. जागा उघड्यावरची, पण गोठा, वैरणीची गंज आणि चूल यांच्यापासून लांब. रिबिटीच्या मापाचेच ड्रिल लावून फक्त तिचे डोके उडवावे, भोक मोठे करू नये. मग लाकडाचा ठोकळा धरून टोपणाच्या कडेला फिरवून फिरवून हलके ठोके द्यावेत. काजळीने धरलेले असेल तर वेळ लागतो, तो द्यावा. गॅसची ज्योत लावून सोडवायला जाऊ नये. आत तेल आणि पेट्रोलचा अंश असतो, तो भडकतो.

टोपण सुटले की आत पाण्याचा बारीक फवारा मारून जुने पॅकिंग ओले करावे आणि मगच ओढावे. कोरडे ओढले की तंतू घरभर होतात. कंप्रेसरची हवा तर मारूच नये. माझ्या सायलेन्सरमधून निम्मीच लोकर निघाली, तीही तेलकट, काळी, खाली एका अंगाला बसलेली. वरची बाजू पूर्ण मोकळी. गाडीवान मामा बरोबर बोलले होते.

चाळणीची नळी तारेच्या ब्रशने घासावी. बंद झालेली भोके खिळ्याने एकेक मोकळी करावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण भोकेच बुजलेली असतील तर बाहेर कितीही चांगली लोकर असून उपयोग काय? तुषारच्या नोझलमध्ये कचरा असल्यासारखे ते. नंतर रॉकेल किंवा डिझेलने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावे. नळीला तडा किंवा वेल्डिंग सुटलेले दिसले तर आधी ते जोडून घ्यावे, नाहीतर त्या जागेतून सुटलेला झोत नवी लोकर चार दिवसांत खाऊन टाकतो.

मग भरणी. नळीवर प्रथम स्टीलच्या लोकरीचा एक पातळ थर द्यावा. तो झोताचा पहिला मार सोसतो आणि काचेच्या तंतूंना भोकातून निसटू देत नाही. त्यावर काचेची लोकर सारख्या जाडीने गुंडाळत जावी. पहिल्या वेढ्यापासून शेवटपर्यंत एकाच दिशेने. लांबी एक-दोन सेंटिमीटर जास्त धरावी, कारण दोन्ही टोकांनाच पोकळी पडते. कागदी चिकटपट्टीने तीन-चार ठिकाणी आवळावी. आतून गुंडाळी बाहेरच्या पत्र्यात सरकवताना लोकर कडेला अडून गोळा होते. यावर त्या फिटरने सांगितलेली युक्ती म्हणजे जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद गुंडाळीभोवती लपेटायचा, गुंडाळीच्या दिशेनेच पिळा देत आत ढकलायचे, आणि मग कागद ओढून घ्यायचा. हाताच्या साध्या जोराने आत गेली तर भरणी बरोबर. हातोडी लागली तर जास्त झाली, एक वेढा काढावा. हलवल्यावर आत नळी वाजली तर कमी झाली.

टोपणाच्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ देऊन, खुणा जुळवून रिबिटा माराव्यात. समोरासमोरच्या आधी, मग मधल्या. सिलिकॉन सुकायला एक दिवस द्यावा. गाडीवर बसवताना इंजिनाकडचे गॅस्केट नवे टाकावे. हे पन्नास-शंभर रुपये वाचवू नयेत. माझ्या गाडीचा तो बार याच जोडातून झाला होता. मूठ सोडली की अर्धवट जळालेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये येते, सैल जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि दोहोंचा गरम नळीत स्फोट होतो. पॅकिंग धड असते तर आवाज दबला असता, जोड घट्ट असता तर बार बहुधा झालाच नसता. माझ्याकडे दोन्ही नव्हते.

पहिल्यांदा गाडी मोकळ्या जागेत चालू करावी. चिकटपट्टी जळते तोवर दहा-पंधरा मिनिटे धूर येतो, घाबरू नये. साधारण २०० किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असताना क्लॅम्प पुन्हा आवळावा आणि रिबिटा पाहाव्यात. त्यानंतर दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास, गव्हाणीत मोळी पडायच्या आधी, शेपटीतून बॅटरी मारून पाहावे. रस्त्यावर बैलगाड्या यायच्या आत हे व्हावे. आणि गाड्यांच्या रांगेजवळ आलो की मूठ एकदम न सोडता हळूहळू कमी करावी. नव्या सायलेन्सरचीसुद्धा.

जुने पॅकिंग राहिले. ते उकिरड्यावर टाकू नये. उकिरड्यातून शेणखतात आणि खतातून रानात जाते, पुढे खुरपणाऱ्या बायकांच्या हातात रुतते. वाड्यांच्या गंजीजवळ पडले तर जनावरांच्या तोंडात जाण्याची भीती. ओले असतानाच प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून तोंड बांधावे आणि आठवड्याच्या बाजारी जाताना नगरपालिकेच्या कचरागाडीत, आत काय आहे ते सांगून द्यावे. जाळायला जाऊ नये, काच जळत नाही. अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात न टाकता वेगळे धुवावेत. मी ते टाकले, आणि दोन दिवस घरात सगळेजण खाजवत बसले होते.